सैल खटके

पोल धुवायचा म्हटलं की आधी घराचं दार उघडावं लागायचं. न्हाणीघर ते केवढं, आणि मिटलेला पोलसुद्धा माणसाच्या डोक्यावर जाणारा. त्यामुळे त्याचं तोंड न्हाणीत, पोट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आणि शेपूट बाहेर जिन्यापाशी, अशी सगळी व्यवस्था. वरच्या मजल्यावरची शेजारीण पिशव्या सांभाळत ते शेपूट ओलांडायची आणि विचारायची, काय वहिनी, अजगराची आंघोळ चाललीय वाटतं? वहिनी म्हणायची, हो, पण आज चावत नाहीये, या बिनधास्त.

तिला वहिनी सगळेच म्हणत. धाकट्या दिराने ते नाव अख्ख्या जिन्यात रूढ करून ठेवलं होतं. दीर आणि तिचा नवरा, दोघे भाऊ मिळून उंच इमारतींच्या काचा धुवायचे. शिडी नको, दोरीवर लोंबकळणं नको. जमिनीवर उभं राहायचं आणि एकात एक बसलेल्या नळ्या ओढत ओढत पोल वर न्यायचा. टोकाला ब्रश, आणि आतून पाण्याची बारीक नळी. तिसऱ्या-चौथ्या मजल्याची काचसुद्धा खालून लख्ख व्हायची. नवरा अंगाने बुटका, पण वरच्या काचा त्याच्याच, म्हणून धंद्यातल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं जिराफ. ते नाव त्याला मनापासून आवडायचं.

पोलची निगा मात्र वहिनीकडे. तो तिचा रोजचा नेमच होता. आधी एकेक नळी बाहेर काढायची. दोन्ही टोकांनी स्वच्छ पाणी सोडायचं, म्हणजे आत अडकलेली रेती निघून जाते. एक कण राहिला तरी नळी सरकताना कचकच करते आणि ओरखडा पाडते. मग मऊ, ओल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्या. पाणी सुकून जो पांढरा थर धरतो तो बोटाला लागेनासा होईपर्यंत पुसायचं. तेल अजिबात लावायचं नाही. एकदा दिराने हौसेने लावलं होतं, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या रस्त्याची धूळ पोलने घरी आणली होती. सगळं कोरडं झालं की नळ्या पुन्हा एकात एक घालायच्या आणि प्रत्येक नळीच्या तोंडाशी जो पकडीचा खटका असतो तो उघडून, मिटून पाहायचा. हे आटोपल्याशिवाय वहिनी जेवायला बसत नसे. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. हातून रोज एक काम मनापासून व्हावं, एवढंच तिचं म्हणणं.

आणि तरीही नवरा घरी आला की म्हणायचा, "आज पुन्हा अडकला गं."

खरं म्हणजे कारण दोघांनाही ठाऊक होतं. डॉक्टरांनी त्याच्या हाताला सुया टोचून पाहिल्या होत्या आणि नसा सुकत चालल्यात असं सांगितलं होतं. व्यायाम दिला, गोळ्या दिल्या. बरं होईल असं मात्र ते बोलले नाहीत. शर्टाचं वरचं बटण तो हल्ली लावत नसे, उकडतं म्हणायचा. कप अर्धाच भर, म्हणायचा. पण पोलचं नाव निघालं की दोघंही मुकाट्याने पोललाच दोष द्यायचे. हाताला दोष दिला तर इलाज नव्हता. पोलला दिला तर निदान तो धुता तरी येत होता.

म्हणून ती धूत राहिली. गरम पाण्याने धुतला. साबण बदलून पाहिला. नळ्यांच्या आत लांब काठीला फडकं बांधून फिरवलं. शेवटी एका सकाळी, नवऱ्याने दुसरा, छोटा पोल नेला होता, तेव्हा तिने हा पोल खांद्यावर टाकला आणि सामानाच्या दुकानात नेला. दुकानदाराने दुसऱ्या हातातला फोन न ठेवता एका हाताने खटका उघडला, नळी वर केली, खटका मिटला. मग पुढची नळी, मग तिच्यापुढची. पोल सरसर छतापर्यंत गेला. फोनवरच्या माणसाला थांबायला सांगून तो म्हणाला, "ताई, ह्याला काही झालेलं नाही. इतका सांभाळलेला पोल मी पाहिला नाही. कोण म्हणतं अडकतो?"

वहिनी म्हणाली, घरचे म्हणतात. आणि पोल घेऊन निघाली. रस्त्याने येताना कुणीतरी हटकलं, वहिनी, झेंडा कुठे राहिला? एरवी तिने काहीतरी उत्तर दिलं असतं.

त्या संध्याकाळी पोल पुसून झाल्यावर ती स्क्रूच्या खाचेत बसणारा छोटा पाना घेऊन बसली. प्रत्येक खटक्याला एक बारीक स्क्रू असतो. तो पिळला की पकड घट्ट, मागे फिरवला की सैल. तिने तो जरासा मागे फिरवला. अंगठ्याने खटका दाबून पाहिला. मग स्वतःचा अंगठा दुमडला आणि नुसत्या करंगळीने दाबला. करंगळीने मिटेपर्यंत ती स्क्रू मागे घेत गेली. एकाचा झाला, मग सगळ्यांचा केला.

दुसऱ्या दिवशी नवरा जिन्यातूनच बोलत आला. आज पोल असा चालला की काय सांगू, नुसता हात लावायचा अवकाश. काय केलंस तू? नीट धुतला, एवढंच ती म्हणाली. तो पोटभर जेवला, भावाची नक्कल केली, आणि त्या छोट्या घरात कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसणं झालं. तिने देवाला हात जोडले. पुढे त्याच्या हातातला जोर आणखी उतरला, तसा तिने स्क्रू आणखी सैल केला. त्यात काही वावगं आहे असं तिला वाटलंच नाही. सुनेने सासूसाठी भात मऊ करावा, तसं ते तिला वाटलं.

आणि मग एका दुपारी नवरा अवेळी घरी आला. थेट आत जाऊन बसला. अंगठ्याखालची जागा काळीनिळी झाली होती. पाठोपाठ दीर पोल घेऊन आला, पण घरात शिरला नाही. जिन्यातच थांबला आणि त्याने वहिनीला बाहेर बोलावलं.

त्याने हळू आवाजात जे सांगितलं ते असं. दवाखान्याच्या इमारतीच्या काचा चालल्या होत्या. दीर मागच्या बाजूला होता, पुढच्या बाजूला दादा एकटा. पोल तिसऱ्या मजल्यापर्यंत उभा, ब्रश काचेवर दाबलेला, आणि मधल्या खटक्याने पकड सोडली. वरचा सगळा डोलारा सुसाट खाली आला. दादाचा हात चेमटला, पोल सुटला, आणि ब्रश खालच्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या शेजारी आपटला. अगदी शेजारी. म्हाताऱ्याचा शर्ट भिजला, बाकी काही नाही. तो बिचारा उलट दादालाच पाणी देत होता.

"खटका झिजला असेल म्हणून मी उघडून पाहिला," दीर म्हणाला. "झिजला असता तर एखादा झिजला असता, वहिनी. सगळे एकसारखे सैल कसे?"

"मी केलेत," वहिनी म्हणाली. "त्यांना दाबत नाहीत."

तो ओरडेल म्हणून ती खाली पाहत उभी राहिली. तो ओरडला नाही. पोलवरून उगाच हात फिरवत म्हणाला, मला माहीत आहे दाबत नाहीत. कधीपासून खटके मीच लावतोय. दादा नळ बघायला वाकला की मी पटकन लावून मोकळा होतो. मध्यंतरी त्याचा तो लावायला लागला, तेव्हा मला वाटलं हात सुधारला. म्हणून तर आज एकटं सोडलं.

दोघांनी एकाच माणसापासून एकच गोष्ट लपवली होती, आणि एकमेकांना सांगितली नव्हती. सांगितली असती तर तो म्हातारा सुखाने उन्हात बसला असता, हे दोघांनाही कळलं. पण नवऱ्याच्या हाताचं काय झालं असतं, ते काही कुणाला सुचेना.

"जिन्यात कसली खलबतं चाललीत?" दार उघडून नवरा म्हणाला. तो कधीपासून दाराआड उभा होता कोण जाणे. "पाना आण."

तिला वाटलं, रागावलाय. तो रागावला नव्हता. त्याने पोल जिन्याच्या मोकळ्या जागेत उभा धरला, एक नळी वर ओढली, आणि म्हणाला, मधे कुठेतरी जमेल. इतका घट्ट की सुटणार नाही, आणि इतका सैल की मला लावता येईल. असेलच की मधे काहीतरी.

मग ते तिघं तिथे मधलं शोधत बसले. वहिनीने स्क्रू किंचित पिळला. नवऱ्याने खटका मिटला, दिराने वरून भार दिला, नळी खाली घसरली. थोडा घट्ट कर. तिने पिळला. पुन्हा मिटला, पुन्हा घसरली. आणखी जरा. आता नळी थांबली, पण खटका अर्ध्यावरच राहिला होता. अंगठा दाबताना मागे वळायचा. त्याने दुसरा हात लावला. मग तळहाताची कड लावली, मग कोपर. दीर भिंतीकडे पाहत होता. थोडा सैल कर. तिने केला, चिमटीत धरून, स्क्रू फिरला की नाही कळू नये इतका. नळी घसरली.

वहिनीला सवय होती, हात कामात असताना मनात देवाचं नाव चालू ठेवायची. ते चालूच होतं. पण मागावं काय ते तिला कळेना. पकड बसू दे म्हणावं, तर ह्यांचा अंगठा हरतो. अंगठ्याला यश दे म्हणावं, तर कुणाच्या तरी डोक्यावर येतं. ती नुसतं नाव घेत राहिली.

बऱ्याच वेळाने नवऱ्याने पोल भिंतीला टेकवला. हात झटकला. मग म्हणाला, "ह्याच्या हाताने कर."

तिला समजलं नाही.

"धाकट्याच्या हाताला बसेल इतका घट्ट कर. उद्या दवाखान्याच्या काचा पुऱ्या करायच्यात."

"आणि तुम्ही?"

"मी खाली माणसं अडवीन. बाजूने जा म्हणेन," तो म्हणाला. "तेवढं तोंडाने होतं."

दीर म्हणाला, दादा, काहीतरी बोलू नकोस, खटके मी लावीन, पोल तूच धर. नवऱ्याने नकारार्थी मान हलवली आणि पोल पुन्हा वहिनीपुढे उभा धरला.

वहिनीने पाना स्क्रूत घातला. इतके दिवस मागे मागे आणलेला स्क्रू ती पुढे फिरवू लागली. फिरवताना प्रत्येक वेळी तिला वाटे, आता ते पुरे म्हणतील. ते म्हणाले नाहीत. पाना जड लागायला लागला तेव्हा ती थांबली आणि बाजूला झाली. दीर पुढे आला. त्याने खटक्यावर अंगठा ठेवला, दात आवळले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि जोर लागल्यासारखा आवाज काढला.

"नाटक करू नकोस," नवरा म्हणाला. "नीट सांग, बसला का?"

दिराने आठ्या काढल्या आणि साधेपणाने, एका अंगठ्याने खटका मिटला. वरून सगळा भार टाकला. नळी जागची हलली नाही.

"बसला, दादा."

"मग पुढचा," नवरा तिला म्हणाला.

तिने पाना पुढच्या स्क्रूत घातला.