खाली येणारं पातं

जानेवारीतल्या त्या तिन्ही सकाळी हँगरचं कुलूप अपर्णानं स्वतःच काढलं. किल्ली एकच होती आणि ती रात्री शहरात, दाना ओली मोहल्ल्यातल्या घरी तिच्या उशाशी असायची. तरी तिन्ही सकाळी छोट्या शिकाऊ विमानाचा पंखा फिरलेला होता. संध्याकाळी ती तो आडवा ठेवून जायची. सकाळी मुळाशी लाल ठिपका असलेलं पातं सरळ जमिनीकडे रोखलेलं असायचं.

पहिल्यांदा तिला नवल वाटलं नाही. सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा कधीकधी पंखा ढकलते. म्हणून त्याच संध्याकाळी तिनं चारही सिलिंडरचे प्लग काढून ठेवले. आता हवा कोंडायला जागाच नव्हती. तरीही त्यानंतरच्या दोन्ही सकाळी तेच पातं खाली आलेलं होतं.

इंजिनाचे ठरलेले दोन हजार तास भरत आले होते. फ्लाइंग क्लबची इंजिनिअर म्हणून शुक्रवारपर्यंत तिला लिहून द्यायचं होतं: नुसती वरची सिलिंडर नवी करायची आणि आतला क्रँकशाफ्ट, म्हणजे ज्या पोलादी दांड्याच्या टोकाला पंखा बसतो तो, आहे तसा ठेवायचा; की अख्खं इंजिनच बदलायचं. तिच्या सहीनंतर याच विमानात उन्नती नावाची एकोणीस वर्षांची मुलगी पहिल्यांदा एकटी उडणार होती.

अपर्णाचा कल सिलिंडर बदलण्याकडे होता. हे इंजिन लक्ष्मीकांतकाकांच्या हातचं होतं. तिला हे काम शिकवलं त्यांनीच. दिवाळीत ते गेले. त्यांच्या लॉगबुकात कुठं खाडाखोड नव्हती.

"काय मग, काकांच्या चेलीचं ठरलं का?" क्लबचे मुख्य प्रशिक्षक विक्रमसिंह चहाचा ग्लास घेऊन आत आले. "सिलिंडर बदल, सही कर, किस्सा खतम."

"पंखा रोज फिरतोय, विक्रमदादा."

"फिरणारच. पंखा आहे, तुळशीवृंदावन नाही."

"प्लग काढलेत मी."

"मग ते पातं जड असेल. जड बाजू खाली येते, एमएस्सीत एवढंही शिकवत नाहीत क्या?"

तिला हे ऐकण्यासारखं वाटलं, म्हणून तिनं पात्यांची मापं घ्यायला कॅलिपर घेतला. लाल ठिपक्याचं पातं टोकाशी दुसऱ्यापेक्षा साडेतीन मिलिमीटर अरुंद निघालं. पॉलिशखाली कानशीचे बारीक ओरखडे बोटाला लागत होते. टोकावरची खोच मिटवायला कुणीतरी धातू घासून काढला होता. म्हणजे हे पातं हलकं होतं. ते वर जायला हवं होतं.

तिनं कॅलिपर हळूच खाली ठेवला. हँगरमध्ये एकाएकी फार गार वाटलं.

"हा पंखा जमिनीला कधी लागला होता?"

विक्रमसिंहांनी ग्लास ओठांपर्यंत नेला आणि तसाच धरून ठेवला. "सहा वर्षं झाली. नुसता घासला, बस. लँडिंग माझं होतं. काका लिहिणारच होते, मीच हात जोडले. लायसन गेलं असतं माझं, अपर्णा."

"एकदाच?"

"आईची शपथ. एकदाच."

फिरता पंखा जमिनीला लागला की हिसका थेट क्रँकशाफ्टला बसतो. तो तपासायचा आणि तसं लॉगबुकात लिहायचं. पहिल्याच आठवड्यात काकांनी तिला हे शिकवलं होतं.

तिनं पंखा उतरवला. क्रँकशाफ्टच्या तबकडीसारख्या टोकावर तपासणीचा लाल द्रव फासला, काही वेळानं पुसला आणि वर पांढरा थर फवारला. भेग असेल तर तिच्यात उरलेला लाल रंग वर येतो. दोघं बघत उभे राहिले. चार मिनिटं काहीच झालं नाही.

"बघ, मी म्हणत होतो ना..." विक्रमसिंह म्हणाले आणि थांबले.

पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटत होती. आतून कुणीतरी सावकाश लिहावं तशी ती लांबत गेली. काकांच्या अक्षरासारखी ती उजवीकडे किंचित झुकलेली होती.

विक्रमसिंहांनी ग्लास खिडकीत ठेवला आणि ते निघून गेले. अपर्णानं लॉगबुक उघडलं. 'इंजिन बदलावं, क्रँकशाफ्ट पुन्हा वापरू नये,' असं लिहिलं आणि त्याखाली सहा वर्षांपूर्वीची, काकांनी गाळलेली नोंद. सही केली. उन्नतीचं उड्डाण क्लबच्या दुसऱ्या विमानावर वळवलं; तेही काकांच्याच हातचं होतं. संध्याकाळी त्याचा पंखा आडवा करून ती घरी गेली. कितीतरी दिवसांनी तिला शांत झोप लागली.

सकाळी कुलूप काढलं तेव्हा धुकं तिच्यामागोमाग आत आलं. तिची नजर सवयीनं आधी जुन्या विमानाकडे गेली. पंख्याविना त्याचं नाक बोडकं दिसत होतं. मग तिनं शेजारी पाहिलं.

दुसऱ्या विमानाचं एक पातं सरळ खाली आलेलं होतं.

बाहेर स्कूटी थांबली. "दीदी!" उन्नतीनं दारातूनच हाक मारली. "कोहरा छटला की जाऊ ना मी?"

"आज नाही," अपर्णा म्हणाली. तिनं कॅलिपर उचलला.