फणसाच्या पाटावरचा डाव

मित्रांनो, लांबून पाहिलंत तर मी तुम्हाला लहान मुलाची होडी वाटेन. जवळ आलात की पाठीवरचे खळगे दिसतील. दोन ओळींत सात-सात आणि दोन्ही टोकांना एकेक मोठा, त्याला घर म्हणतात. मी सुंगकाचा पाट आहे, फणसाच्या लाकडाचा, आणि आता चांगलाच म्हातारा.

माझ्यावर कवड्यांचा खेळ खेळतात. एका खळग्यातल्या कवड्या उचलायच्या, पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचं आणि आपलं घर भरायचं. पुढच्या डावाला ज्याला आपला खळगा भरता येत नाही, त्याचा तो खळगा जळला. म्हणून आमच्या बातांगास प्रांतात मला छपराखाली खेळायला कोणी घेत नाही. घरात खेळलं तर खरंच घर जळतं म्हणतात. माझी जागा अंगणात, आंब्याखालच्या बांबूच्या बाकावर.

तिथे बसून मी माणसं बघितली. तोंडाने कोणी काहीही सांगो, कवडी टाकताना बोटं खरं बोलून जातात. चिकट माणूस कवडी अलगद ठेवतो, उधळ्या माणूस भिरकावतो, आणि या घरची लोला, म्हणजे आजी, चारिंग एखादी तळहातात दडवते.

तिच्या नवऱ्याने मला कोरलं. तो कोळी होता, लग्नात अंगठी द्यायची ऐपत नव्हती, आणि वादळात दारचा फणस पडला होता. चारिंग अजून म्हणते, "अंगठी दिली असती तर विकून तरी खाल्ली असती. याला कोण घेतंय?" म्हणते, आणि खोबरेल लावून मला पुसते.

माझे भरभराटीचे दिवस म्हणजे चारिंगची लेक मारिसेल लहान होती ते उन्हाळे. शाळा बंद, नवरा समुद्रावर, आणि या मायलेकी माझ्या दोन बाजूंना. चारिंगने लेकीला कधी दयामाया दाखवली नाही. मारिसेल हरायची, रडायची, रांजणावर तोंड धुऊन परत यायची. आठ वर्षांची असताना तिने आईला हरवलं. त्या दिवशी चारिंग संध्याकाळपर्यंत बोलली नाही, आणि नंतर दारोदार सांगत फिरली.

पुढे मारिसेलचं लग्न झालं. नवरा बोटीवर गेला तो तिकडचाच झाला. दोन वर्षांची इसाय आजीच्या मांडीवर ठेवून मारिसेल हाँगकाँगला गेली, दुसऱ्याचं घर सांभाळायला. मग माझ्याकडे कोण बघतो? आधी माझ्यावर सुकी मासळी ठेवली, मग मला कोनाड्यात सरकवलं, शेवटी एका कोंबडीने माझ्या मोठ्या घरात अंडी घालायला सुरुवात केली. खोटं कशाला बोलू, त्या काळात माझी कदर तिनेच केली.

या उन्हाळ्यात मारिसेल आली. सहा वर्षांनी, दोन महिन्यांच्या रजेवर. इसाय आता आठ वर्षांची. मारिसेल विमानतळावरून आल्यावर इसायने आईचा हात कपाळाला लावला, जसा गावच्या कुठल्याही मोठ्या माणसाचा लावतात, आणि आजीच्या मागे जाऊन उभी राहिली.

मारिसेल कामाची बाई. तिने लगेच कंबर कसली. सकाळी लेकीला घेऊन समुद्रावर, दुपारी किसलेल्या बर्फावर गोड घेवडा आणि दूध घालून खाणं, बाहुलीचा झगा शिवणं, उन्हं कलली की फुलं तोडून देवळात मारिया मातेला वाहायला जाणं. एक दिवस रिकामा नाही. कामावर हजेरी लावावी तशी ती आई होत होती.

"इसाय, उद्या पुन्हा पोहायला जाऊ या?"

"चालेल. तुम्ही म्हणाल तसं."

"बर्फ आवडला का गं?"

"हो. छान होता."

पाहुणीला उत्तर द्यावं तशी उत्तरं. पोरीने तक्रार म्हणून केली नाही, आणि मारिसेलची झोप त्यानेच उडाली. मे महिना अर्धा सरला होता. ही अशीच परकी राहिली, तर परत जाऊन कुठल्या आठवणीवर वर्षं काढायची?

तेव्हा तिला मी आठवलो. कोंबडीला उठवलं, मला वाळूने घासलं, खोबरेल चोळलं. हरवलेल्या कवड्यांच्या जागी चिंचोके घेतले आणि इसायला खेळ शिकवला. पोरगी तल्लख. पहिल्या दिवसापासून जिंकू लागली. रोज जिंकायची.

मित्रांनो, मी बोलत नाही म्हणून मला कळत नाही असं समजू नका. मारिसेलचे डोळे नेमक्या खळग्यावर जायचे, बोटंही तिथवर जायची, आणि मग शेजारचाच खळगा उचलायची. इसाय जिंकली की मारिसेल टाळ्या वाजवायची. इसाय म्हणायची, "थँक्यू."

चारिंग शेंगा सोलत बघत होती. एके दुपारी तिला राहवलं नाही.

"मारिसेल, हाताला लकवा झालाय का तुझ्या?"

"आई, खेळू दे ना तिला."

"खेळतेच आहे ती! तू काय करतेयस? एवढीशी होतीस तेव्हा माझे खळगे जाळलेस, आणि आता कवडी टाकता येईना?"

इसायचा हात हवेतच थांबला. "तुम्ही मुद्दाम हरता?"

मारिसेल ओशाळवाणं हसली. "सवय लागलीय गं तिकडे. मालकिणीची लेक तुझ्याच वयाची आहे. तिच्याशी खेळायचं आणि हरायचं. ती रडली की मालकीणबाई मला बोलतात."

"मग मी रडले तर तुला कोण बोलणार आहे?"

असं म्हणून इसायने मला उलथं केलं. मी बाकावरून दगडावर आदळलो, माझ्या कडेला बोटभर चीर गेली. कवड्या-चिंचोके अंगणभर उधळले. मारिसेलच्या ओठांवर "असू दे, बाळा" आलं होतं. सहा वर्षं ती परक्या घरात हेच म्हणत आली होती. पण तिने माझ्याकडे पाहिलं, बापाच्या हातच्या लाकडाला गेलेली चीर पाहिली, आणि तिचा आवाज चढला.

"वेच! एकूण एक वेचून आण! तुझ्या आजोबांनी कोरलाय तो!"

शेंगा सोलायच्या थांबल्या. इसायने आईकडे टक लावून पाहिलं आणि बाकाखाली शिरली. थोड्या वेळाने मारिसेलही शिरली.

"ती बघ, तुझ्या गुडघ्याखाली."

"आधी तू तुझं डोकं काढ, अंधार पडलाय."

"डोकं कुठे काढू? अख्खी बाकाखाली मावत नाही मी."

"बर्फ कमी खा मग."

वरून चारिंग म्हणाली, "दोन कवड्या कोंबडीने पळवल्या. बाहेर या, नाहीतर तिसरीही जाईल."

मग डाव मांडला. मारिसेलची बोटं या वेळी अडखळली नाहीत. डावामागून डाव इसायचे खळगे जळत गेले आणि ती ढसाढसा रडली. मारिसेलचे हात तिचे डोळे पुसायला उठले. तिने ते परत मांडीखाली दाबून धरले. ते सोपं नव्हतं, मी जवळून पाहिलं. इसायने स्वतःच नाक पुसलं.

"परत मांड."

त्यानंतर समुद्र मागे पडला. बाहुलीचा झगा एका बाहीचाच राहिला. फुलंही शेजारणीबरोबर देवळात गेली. दिवसभर भांडणं, चिडवणं, "तू दोन उचलल्यास", "दाखव मूठ". असा उन्हाळा मी चारिंगच्या तरुणपणीही पाहिला नव्हता.

जायच्या दिवशीही त्या खेळत होत्या. डाव रंगात, इसायची बाजू भारी, आणि फाटकापाशी गाडीने हॉर्न दिला. मारिसेल उठली. लेकीला पोटाशी धरलं. गाडी गेली. चारिंग डोळे पुसत कवड्या गोळा करायला आली, तशी इसाय माझ्यावर आडवी पडली.

"हात नको लावू, लोला. आता नानायने खेळायचंय."

पोरगी पहिल्यांदाच आईला नानाय, म्हणजे आई, म्हणाली, ते ऐकायला नानाय तिथे नव्हती. मी ऐकलं.

मला आहे तसा, तोल सांभाळत, आजी-नातीने आत नेलं. तेव्हापासून मी कपाटावर टोपलीखाली आहे, पाठीवर अर्धा डाव घेऊन. चीर वाढतेय, एका बाजूने वाळवीही फिरू लागली आहे. रविवारी इसाय टोपली उचलते, कवड्या न हलवता कडेकडेने तेल लावते आणि फोनवर सांगते, "आहे तसाच आहे. विचार कर नीट. तुझी खैर नाही."

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू अडगळीसारखी पडली असेल. आवरायला घ्याल तेव्हा आधी विचारा, कोणी काही अर्धं ठेवून गेलंय का. गेलं असेल, तर तेल लावा, धूळ पुसा, वाळवी लागू देऊ नका. पण कवड्या हलवू नका. लाकूड किती टिकेल, माझ्या हातात नाही. मी वाट बघतोय, एवढंच.