काउंटरवरच्या केबलची मुडपलेली मान

मित्रांनो, मी एक जुनी चार्जिंग केबल आहे. जुनी हे मी म्हटलं तर चालतं, तुम्ही म्हणू नका. कारखान्यातून निघून मला काही युगं लोटलेली नाहीत. पण माणसांच्या हातात पडलं की आमचं वय भराभर वाढतं. ते कसं, हे सांगण्यासाठीच मी तोंड उघडलं आहे, आणि तोंडं मला दोन आहेत, तेव्हा मध्ये बोलू नका.

माझा जन्म साधा नाही. केसाहून बारीक तांब्याच्या तारा एकत्र पिळल्या, त्यांच्यावर मऊ आवरण चढवलं, आणि त्याच्यावर विणलेला काळा झगा घातला. दोन्ही टोकांना सारखीच चपटी, गोल काठांची तोंडं बसवली. उलटं घाला, सुलटं घाला, मी बसणारच. यंत्राने मला वाकवलं, ओढलं, माझ्यातून वीज सोडली. मी हूं की चूं केलं नाही. मग मला एका छोट्या खोक्यात घालून या दुकानात पाठवलं.

हे दुकान म्हणजे टीव्ही, फोन, पंखे, इस्त्र्या विकणारं, एका रस्त्याच्या वळणावरचं, काचेच्या लांब काउंटरचं. दुकान चालवतात सासरे आणि सून. मुलगा लोकांच्या घरी टीव्ही बसवायला जातो, तो दुकानात दिसला तर खिळे न्यायला दिसतो. काउंटरच्या डाव्या टोकाला सून बसते, ती माल मागवते आणि विकते. उजवा कोपरा सासऱ्यांचा. तो तपासणीचा कोपरा. कुणाचाही फोन बंद पडला, इयरफोन गप्प झाला, की तो त्या कोपऱ्यात जायचा आणि म्हातारबुवा निकाल द्यायचे. त्या कोपऱ्यातल्या वस्तूंना सून हात लावत नसे. तशी घरातली रीतच पडून गेली होती.

मी यायच्या आधी त्या दुकानात काय गोंधळ होता म्हणून सांगू! मागची अर्धी भिंत आकड्यांनी भरलेली आणि प्रत्येक आकड्यावर वेगळी केबल. एकीची पिन जाड, एकीची बारीक, एकीची चपटी, एक अमक्या फोनलाच चालणारी, एक फक्त तमक्या लॅपटॉपला. गिऱ्हाईक यायचं.

"केबल द्या."

"कुठल्या फोनची?"

"काळ्या."

"काळ्या फोनची, की काळी केबल?"

"फोन घरी आहे हो. मिसेसचा आहे. द्या ना कुठलीतरी."

ते 'कुठलीतरी' घेऊन जायचे आणि संध्याकाळी फाडलेलं खोकं घेऊन परत यायचे. बसत नाही म्हणे. फाडलेलं खोकं पुन्हा कोण घेणार? ते पडून राहायचं. एक फोन बाजारातून गेला की त्याच्या केबली त्या भिंतीवर धूळ खात लटकायच्या. आणि सासरेबुवांना त्याचाच अभिमान. "डोळे मिटून सांगतो कुठल्या आकड्यावर काय आहे," म्हणायचे. अहो, पण डोळे उघडून बघा ना एकदा!

शेवटी सूनच बोलली. "बाबा, ही भिंत आता खाली करू या. नव्या फोनना, टॅबना, बहुतेक लॅपटॉपना एकच तोंड आलंय. एकाच जातीच्या केबली ठेवू, लांब आणि आखूड. जुन्या फोनवाल्यांसाठी एका डब्यात थोड्या जुन्या."

"सगळ्यांना एकच? म्हणजे धड कुणालाच नाही. माझी चप्पल तुझ्या पायात बसेल का?"

"चपलेचं सोडा. नळाखाली कुठलीही बादली ठेवली तरी भरतेच ना?"

म्हातारबुवा पुटपुटले, पण तयार झाले. मग मी आणि माझ्या बहिणी आलो.

आता स्वतःचं कौतुक स्वतः करू नये म्हणतात, पण दुसरं कुणी करत नसेल तर माणसाने काय करावं? भिंत रिकामी झाली. तिथे सुनेने स्पीकर आणि टेबलावरचे दिवे मांडले, आणि ते लोकांच्या नजरेत भरू लागले. खोकी परत येणं जवळजवळ थांबलं. घाऊकवाल्याला मालाची भलीमोठी यादी सांगण्याऐवजी ती दोन वाक्यांत फोन ठेवू लागली. कुणाचा फोन संपत आला असेल तर म्हणायची, "लावा इथे, तोवर पंखे बघा." मी अशी वेगाने भरणारी, की त्यांचा पंख्याचा रंग ठरेपर्यंत फोन अर्धा झालेला असे. माणूस थांबला की बघतो, बघितलं की घेतो. ही माझी पुण्याई, बरं का, पंख्याची नव्हे.

शिवाय मी कुणावर जबरदस्ती करत नाही. समोरच्याला किती झेपेल हे आधी विचारते. इयरफोनला घोटभर, लॅपटॉपला भरपूर. माणसांना घरातल्या घरात हे जमत नाही.

सासरेबुवाही विरघळले. त्यांनी मला सुनेच्या टोकावरून उचलून तपासणीच्या कोपऱ्यात मानाने नेलं. "ही काउंटरची केबल. हिच्यावर चालतं ते चांगलं, हिच्यावर चालत नाही ते बिघडलेलं." ऐकून माझी मान ताठ झाली. तिथेच माझं नशीब फिरलं, कारण त्यानंतर त्या मानेचे जे हाल झाले ते वैऱ्याच्या केबलचे होऊ नयेत.

फोनमधून मला काढायचं तर माझं डोकं धरून काढावं की नाही? नाही. हे मला मधोमध धरून हिसडा मारायचे, जसं काही शेतातलं तण उपटतायत. काढलं की मला चार्जरच्या ठोकळ्याभोवती करकचून गुंडाळायचे आणि उरलेलं शेपूट वेढ्यात खोचून ठेवायचे. माझी मान नेमकी कोपऱ्यावर मुडपायची. मग मला खणात कोंबायचे. खण लागेना, तर आणखी जोरात ढकलायचे.

सून एकदा म्हणाली, "बाबा, डोकं धरून काढा ना. आणि सैल गुंडाळा."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून मी वायरी गुंडाळतोय."

ती आपल्या टोकाला परत गेली. कोपरा त्यांचा होता ना! मला मात्र असं झालं की दोघांनाही खणात घालून ढकलावं.

माझ्या मानेतल्या तारा एकेक करून तुटू लागल्या. वरचा झगा शाबूत, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळेना. आधी माझा वेग गेला. मग मी कधी चालू, कधी बंद. मग जवळजवळ बंदच. आणि तरीही मी काउंटरची केबल! माझ्यावर शंका घ्यायची कुणाची छाती?

शाळेची व्हॅन चालवणारे एक दादा आले. त्यांचा फोन संपला होता, बाकी ठणठणीत होता. म्हातारबुवांनी मला लावलं. काही नाही. हलवलं. काही नाही. चष्मा काढून निकाल दिला, "पोर्ट गेलं. इथून नेलेली नवी केबल वापरता ना? तिनेच खाल्लं. सगळ्यांना चालणारी केबल म्हणजे असंच व्हायचं."

"पण तुम्हीच दिलीत ना ती?"

"मी नाही. सूनबाईने."

ऐकलंत? स्वतःच्या दुकानात बसून स्वतःच्या मालाला नावं ठेवणारा दुकानदार तुम्ही कुठे पाहिलाय का? मी त्या खणात नुसती धुमसत होते.

मग रोज तेच. हॉस्पिटलात काम करणाऱ्या एक नर्सबाई आल्या, त्यांनाही पोर्ट गेल्याचं सांगितलं. एका गवंड्याचा फोन 'गेला'. एका मास्तरांचा टॅब 'गेला'. लोक घाबरून आमच्या धडधाकट बहिणी परत आणून टाकू लागले. नवी गिऱ्हाइकं दारातूनच विचारू लागली, "इथल्या केबली फोन जाळतात म्हणे?"

सुनेने परत आलेल्या केबली घरी नेऊन तपासल्या. "बाबा, सगळ्या चांगल्या आहेत. घरी व्यवस्थित चालतात."

"घरी चालतात आणि फोन इथे मरतात, असं कसं होईल?"

अहो, असंच! अगदी असंच होतंय! इतकं तोंडाजवळ आलेलं उत्तर यांनी गिळून टाकलं आणि थेट घाऊकवाल्याला फोन लावला. "पूर्वीचा सगळा माल घेऊन उद्या या. जाड, बारीक, चपट्या, सगळ्या. हे एकाच केबलचं खूळ आता बंद." फोन ठेवून सुनेकडे न बघताच म्हणाले, "आणि सूनबाई, उद्यापासून तू घरचं बघ. काउंटर मी सांभाळतो."

तिने फडकं उचललं. काउंटरची एकच जागा कितीतरी वेळ पुसत राहिली. ते दुकान तिने भिंतीपासून नवं केलं होतं. घरी बसून ती काय पुसणार होती?

दुसऱ्या दिवशी ती सकाळी आली ती आपलं सामान न्यायला. पर्समध्ये पेन, कात्री भरत होती, तेवढ्यात नर्सबाई दारातून तरातरा आत शिरल्या. ड्यूटी संपवून आलेल्या, डोळे तांबारलेले, आवाज खणखणीत.

"काय हो, फोन गेला म्हणालात ना माझा?"

"पोर्ट गेलंय," म्हातारबुवा म्हणाले.

"बहिणीकडे तुमच्याच दुकानातली केबल होती. तिने लावली, भर्रकन भरला. नवीन फोन घ्यायला निघाले होते मी!"

"चालतो अधूनमधून. द्या इकडे." त्यांनी फोन घेतला आणि मला लावलं. काही नाही. "बघा! मी म्हटलं नव्हतं?"

नर्सबाईंनी पिशवीतून बहिणीची केबल काढली. "आता ही लावा."

लावली. टुंग! फोनवर हिरवी बॅटरी.

म्हातारबुवांनी पुन्हा मला लावलं. काही नाही. पुन्हा ती. टुंग! नर्सबाईंनी मला हातात घेऊन माझ्या मानेवरून बोट फिरवलं. आजवर मला इतक्या मायेने कुणी हात लावला नव्हता.

"इथे मुडपलीये. आजोबा, सलाइनची नळी मुडपली तर आम्ही नळी सरळ करतो. पेशंटला गेला म्हणत नाही."

सुनेला हसू आलं, पण तिने ते ओठांतच ठेवलं. मी तिच्या जागी असते तर ठेवलं नसतं. म्हातारबुवा स्टुलावर बसले. त्यांनी फोन उचलला आणि व्हॅनवाल्या दादांना सांगितलं, "तुमचं पोर्ट शाबूत आहे. चूक आमच्या काउंटरची होती." 'काउंटरची' म्हणाले, 'माझी' नाही म्हणाले. मग गवंड्याला. मग मास्तरांना. दर वेळी काउंटरची. काउंटर बिचारं मुकाट ऐकून घेत होतं.

दुपारी घाऊकवाला टेम्पो घेऊन दारात. जाड, बारीक, चपट्या केबलींची खोकी मागे रचलेली. "उतरवू का, काका?"

सून पर्स खांद्याला लावून दाराशी उभी होती. म्हातारबुवांनी तिच्याकडे बघितलं, मग टेम्पोकडे.

"मला काय विचारतोस? माल सूनबाई घेते. तिला विचार."

"पण काल तुम्हीच..."

"काल काल होता. विचार तिला!"

सुनेने पर्स काउंटरमागच्या खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "हे सगळं परत न्या. एकाच जातीच्या आणा, लांब आणि आखूड. आणि दोन जास्तीच्या, तपासणीच्या कोपऱ्यासाठी. दर महिन्याला बदलणार आहे मी तिथली केबल." 'मी' या शब्दावर म्हातारबुवांनी फक्त मान वळवली.

मी आता दाराजवळच्या डब्यात आहे. जुन्या वायरी, फुगलेले चार्जर, तुटके रिमोट, असा सगळा गोतावळा. माझं तांबं वितळवून पुन्हा कामाला लावतील म्हणतात. माझी त्याला ना नाही. पण मित्रांनो, जाण्याआधी तुमच्याकडून कबूल करून घेणार आहे. आम्हाला डोकं धरून काढा, शेपटी ओढून नको. सैल गुंडाळा. मानेवर खुर्चीचा पाय ठेवू नका, ठेवणारे आहेत तुमच्यात, मला माहीत आहे. आणि एखादं यंत्र चालेना, की त्याला किंवा घरच्या माणसाला मोडीत काढण्याआधी आपल्या हातातली वायर एकदा बदलून बघा. फार अवघड आहे का हे? का पुन्हा पहिल्यापासून सांगू?