एका गाठीचं एक झाड

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. एसटीच्या कंडक्टरशी बोललेय, आश्रमशाळेतल्या बाईंशी बोललेय, सासूशी तर रोज थोडं थोडं बोलावंच लागतं. पण त्या दिवशी धसईच्या एसटीडी बूथमध्ये फोनवरच्या बाईने विचारलं, "मॅडम, ही विंडोज किती कॉम्प्युटरवर टाकली आहे?" आणि माझ्या तोंडून सरळ निघून गेलं, "तीन."

ती म्हणाली, "ही एकाच कॉम्प्युटरसाठी असते, मॅडम. बाकीच्या दोनवरून काढा आणि परत फोन करा."

मी फोन ठेवला. फुकटचा नंबर लावून एवढा वेळ बूथ अडवला म्हणून बूथवाला माझ्याकडे रागाने बघत होता. मीही बघितलं त्याच्याकडे तसंच. तेवढीच माझी आग कुठेतरी निघाली.

ही गोष्ट दोन हजार पाचच्या मार्चमधली. आमचा पाडा धसईपासून अर्धा तास वर, डोंगराच्या अंगाला. आमचे हे मुरबाडच्या कारखान्यात. मी बारावी आणि मराठी टायपिंग शिकलेली, आधी कल्याणला एका दुकानात टायपिंग करायचे. पाड्यातून चालत खाली, मग एसटी, मग जीप, आणि संध्याकाळी सगळं उलटं. माझी लेक रुपा झाल्यावर ते सुटलं. वर्षभर मी घरात बसून चिडचिड करत होते. मग कल्याणच्या एका संस्थेने सांगितलं, प्रौढांना वाचायला शिकवायच्या पुस्तिका घरी बसून टाईप कर, पहिलं काम वेळेत आणि नीट झालं तर कायमचं तुलाच. अट एकच, कॉम्प्युटरमध्ये सगळं ओरिजिनल पाहिजे, बिल दाखवायचं.

बिल म्हटल्यावर आमच्या ह्यांचा चेहरा पडला. कल्याणच्या दुकानदाराने विंडोजची दोन खोकी पुढे ठेवली, एक होम, एक प्रोफेशनल. सोबत आलेला माझा दीर हरेश, ह्यांचा चुलतभाऊ, लगेच म्हणाला, "वयनी, प्रोफेशनलच घे. मोठं ते मोठं." मी दुकानदाराला विचारलं, जास्तीचे पैसे नेमके कशाचे? तो म्हणाला, ऑफिसचं नेटवर्क असेल, मोठ्या सर्व्हरला जोडायचं असेल तर लागतं. माझं ऑफिस म्हणजे शेळ्यांच्या खोपीला लागून असलेली खोली. मी कोणाला जोडू, शेळ्यांना? होम घेतलं.

इथवर शहाणपणा माझा. पुढचा मूर्खपणाही माझाच.

आमच्या पाड्यात एक रीत आहे. पेरणीच्या आधी कोणी दारात येऊन बी मागितलं, भाताचं असो की नाचणीचं, तर नाही म्हणायचं नसतं. दिलेलं बी कमी होत नाही, दोन शेतांत उगवतं. नाही म्हणणारीचं नाव पाड्यात निघतं, आणि एकदा निघालं की नातवंडांपर्यंत पुरतं. तर हरेशने जुना कॉम्प्युटर घेतला, धसईच्या बाजारात लग्नाचे अल्बम बनवायला, आणि दारात येऊन म्हणाला, "वयनी, ती सीडी दे ना." मी खोक्यावरच्या पंचवीस अक्षरांच्या नंबरासकट दिली. त्याने पुढे दूध गोळा करणाऱ्या धर्माला दिली. सीडी टाकल्यावर मान्यतेसाठी कंपनीला फोन करावा लागतो, तिथे विचारलं तेव्हा दोघांनीही बिनदिक्कत "एक" सांगितलं होतं. मला यात काही वावगं वाटलं नाही. बी दिलं, एवढंच.

मग लाईट जाऊन येऊन माझ्या कॉम्प्युटरचा बोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही गेलं. दुरुस्तीवाल्याने नवं बसवलं, तीच सीडी टाकली. पण कॉम्प्युटरला वाटलं आपण दुसरेच कोणीतरी आहोत, आणि त्याने तीस दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात फोन करून मान्यता घे, नाहीतर दार बंद. मी टायपिंगच्या नादात दिवस ढकलले. फोन केला तेव्हा तीन दिवस उरले होते. तोवर नव्याने टाईप केलेली पुस्तिकेची दोनशे दहा पानं आत होती आणि संस्थेला देण्याची तारीख पुढच्या आठवड्यात.

धर्माचं सोपं झालं. त्याला फक्त दुधाचा हिशेब ठेवायचा होता. संस्थेतल्या माणसाने फुकटात वाटायला परवानगी असलेली दुसरी एक सिस्टीम दिली होती, लिनक्स नावाची. ती त्याच्याकडे टाकली. धर्मा म्हणाला, "चित्रं निराळी दिसतात, पण बेरीज तीच येते."

हरेश मात्र भडकला. त्याचं अल्बमचं सॉफ्टवेअर त्या लिनक्सवर चालत नव्हतं, आणि लग्नसराई तोंडावर. नवी विंडोज घ्यायला हातात काही नाही. अंगणात उभा राहून तो ओरडला, "दिलेलं परत घेती काय? बी दिलं आणि उगवल्यावर उपटायला आली!"

मला रडू आलं. राग होता तसा अपराधीपणाही होता, त्याचं काही चुकलं नव्हतं म्हणून. दिलं तर मीच होतं.

माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, पडवीत टोपली सांधत बसले होते. मोहाची फुलं पडायला लागली होती. आमच्याकडे मोहाच्या झाडाला गवताची गाठ बांधतात. ज्या घराची गाठ, त्या घराची त्या हंगामाची फुलं. मामांनी टोपली बाजूला ठेवली.

"हरेश, हे बी नाय रे. हे मोहाचं झाड हाय."

"काय काका, काय बी बोलता."

"झाड कोणाचं? जंगलखात्याचं. मी तोडू शकतो? नाय. इकू शकतो? नाय. पण फुलं माझी, कारण गाठ माझी. हिनं दुकानातून झाड नाय आणलं, गाठ आणली. एका झाडाची. ती गाठ दाखवून तू दुसऱ्या झाडाखाली टोपली लावलीस. धर्मानं तिसऱ्या."

"पण त्यानं वयनीचं काय कमी झालं?"

"गाठीचं तरी काय कमी होतं? गवतच ते. तरी पण आपण कोणाची गाठ उचलत नाय ना?"

हरेशने चप्पल पायात सरकवली आणि तो तरातरा उतरून गेला.

मी खूप विचार केला. बूथमध्ये जाऊन "एक" म्हणायचं, एवढंच तर होतं. बाई काय डोंगर चढून मोजायला येणार होती? पण मामा रोज पहाटे कोणाच्या झाडाखाली वाकतात आणि कोणाच्या झाडाखाली वाकत नाहीत ते मी सहा वर्षं बघत होते. माझी जीभ रेटेना. दोन दिवस गेले. मी टायपिंग करत राहिले, जमेल तितकं सीडीवर उतरवून ठेवत.

तिसऱ्या दिवशी सकाळी हरेश आला. चेहरा ओढलेला. "काढली," तो म्हणाला. "सगळं पुसलं. उद्या कोणी म्हटलं का हा लोकांची गाठ घेऊन फिरतो, तर नाय चालायचं मला."

"मग अल्बम?"

"बघू." आणि तो अंगणातल्या दगडावर बसून राहिला.

मी जवळजवळ पळतच धसईला गेले. स्क्रीनवरचे पन्नास आकडे कागदावर लिहून घेतले होते. ते वाचून दाखवले. दुसरीच बाई होती, पण प्रश्न तोच.

"एक," मी म्हटलं. मग राहवेना, म्हणून विचारलं, "बाई, एका कॉम्प्युटरवर दोन माणसं बसली तर चालतं का? एक दिवसा, एक संध्याकाळी?"

ती हसली. "बसा की! घरातले सगळे बसा. कॉम्प्युटर एकच आहे ना?"

तिने सांगितलेले बेचाळीस आकडे मी दोनदा वाचून खात्री केली. परत चढताना कागद मुठीत इतका घट्ट धरला होता की घामाने ओला झाला. लाईट जायला तासभर होता. आकडे मी घालत होते, हरेश वाचून दाखवत होता. दार बंद होता होता राहिलं. सगळी पानं जागच्या जागी. मी ओक्साबोक्शी रडले, आणि हरेश म्हणाला, "वयनी, आता कशाला रडती गो?"

"भावजी," मी डोळे पुसत म्हटलं, "तुमचं अल्बमचं सॉफ्टवेअर इथंच टाका. दिवसा मी, संध्याकाळी तुमी. मी विचारून आले."

त्याने मान फिरवून नाक पुसलं. लग्नसराईतल्या पैशातून स्वतःची विंडोज घ्यायची असं त्याने तिथेच ठरवलं. "होमच," तो म्हणाला. आता त्याला मोठं नको होतं.

होममध्ये प्रत्येकाच्या नावाचं वेगळं दार करता येतं. मी दोन केली. सुरू होताना स्क्रीनवर दोन नावं आली, एकाखाली एक. प्रेमा. हरेश.

मामा मागे येऊन उभे राहिले होते. त्यांना आकडे ओळखू येतात, अक्षरं नाहीत. त्यांनी बोटाने मोजलं. "दोनच घरं?" ते म्हणाले. "माझं नाय?"

आमच्यात सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. सहा वर्षांत मी ते एकदाही उच्चारलं नव्हतं. पण टाईप करायला कोणी बंदी केलेली नव्हती. मी तिसरं दार केलं आणि एकेक अक्षर दाबलं, सावकाश, त्यांना दिसावं म्हणून. नाव उमटलं तसे ते अगदी जवळ वाकले.

"हे मी?"

"हे तुमी, मामा."

त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि संस्थेच्या पुस्तिकेतल्या पहिल्या धड्यात सांगितलंय तसं, डावीकडून उजवीकडे, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव वाचलं. मंगळ्या.