दोरीवर न दिसलेली फडकी

आंबेनळी घाटाचा रस्ता सोडून पायवाटेने वर चढलं की शकूच्या सासरची वाडी लागायची. नवरा किशोर मुंबईला कामाला; घरी सासू धोंडूबाई, शेळ्या आणि उतारावरची नाचणी. पावसाळ्यात शकूला खरा जाच व्हायचा तो पाळीचा. गोठ्यामागच्या दोरीवर फडकी धड वाळायची नाहीत, आणि तसलं दमट फडकं घेऊन चढ-उतार केला की मांड्या सोलवटून निघायच्या. त्यात बाजूला बसायचं, गोणपाटावर, शेळ्यांच्या वासात.

नणंद अक्षदा बिरवाडीत खोली घेऊन राहायची, कारखान्यात पॅकिंगला जायची. त्या वर्षी, दोन हजार नऊच्या जूनमध्ये, ती घरी आली ती एक छोटी कापडी पिशवी घेऊन. आत मऊ रबरासारखा एक पेला होता, खाली बारीक शेपटी.

"पाळीत फडक्याऐवजी हा आत ठेवायचा. आमच्या कारखान्यातल्या लॅबच्या मॅडमनी परदेशातून दोन आणून दिले. एक मी वापरते, हा तुला."

"हा आत घालायचा? आणि वर गेला म्हणजे?"

"कुठं जातोय? वर वाट बंद असते गो. पहिला उकळून घे. मग मधोमध दुमडायचा, उकिडवं बसायचं आणि अंग सैल सोडायचं. काढताना शेपटी ओढू नको, बूड चिमटीत दाब, म्हणजे सुटतो."

पहिल्यांदा तो शकूच्या बोटांतून निसटला. दुसऱ्यांदा आत गेला, पण तिरका, टोचत राहिला. ती रडकुंडीला आली. न्हाणीच्या दाराबाहेर अक्षदा उभी होती, हळू आवाजात सांगत होती, "घाई करू नको वैनी. दात आवळू नको." मग केव्हातरी आत तो उलगडला आणि शकूला काही जाणवेचना. भीतीपोटी तिने खाली फडकं घेतलं होतं, ते संध्याकाळपर्यंत कोरं राहिलं.

"आयेला सांगूच नको," अक्षदा म्हणाली. "कळणार कोणाला? कशाला गोणपाटावर बसतेस?"

शकूने सांगितलं नाही. जुलैत पाळीच्या दिवसांतच तिने नाचणीची लावणी केली, पाण्याची घागर उचलली, चुलीवर भाकऱ्या भाजल्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ते दिवस तिला इतर दिवसांसारखे वाटले.

धोंडूबाईचं लक्ष मात्र दोरीवर होतं. मे महिन्यात किशोर येऊन गेलेला, आणि त्यानंतर दोरीवर फडकी नाहीत. सुनेला दिवस गेले, असं म्हातारीने शेजारच्या चंपाबाईला सांगितलं, सुनेला जड उचलू देईना, आवळ्याचं लोणचं काढून पानात वाढू लागली. शकू दोनदा नाही म्हणाली, पण म्हातारीला ती लाज वाटली. चंपाबाई ओटी भरायचा दिवस विचारायला आली, तेव्हा शकूला राहवलं नाही. चंपाबाई गेल्यावर तिने सासूला खरं सांगितलं आणि पिशवीतला पेला पुढे ठेवला.

धोंडूबाईने चुलीकडे बघितलं, देवाच्या कोनाड्याकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे तशीच चुलीशी वावरलीस. देवाजवळ गेलीस."

तिने हनुवटीने पेल्याकडे खूण केली.

"हे तुला दिलं कोणी?"

अक्षदा तिथेच होती, दासगावचे पाहुणे तिला बघायला येणार म्हणून आलेली. शकूने तिच्याकडे बघितलंही नाही. नाव घ्यायचं नाही, हे तिने मनात ठरवलं होतं.

अक्षदाच बोलली. "आये, मी हिला म्हणाले होते, असलं काय वापरू नको. ऐकलं नाय हिने. लग्नाआधी आम्हाला असलं माहीत तरी असतं काय?"

धोंडूबाईने पेला चिमट्याने उचलला आणि घराखालच्या दरीत फेकून दिला.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर अक्षदाने तिला गाठलं. "वैनी, दासगावच्यांच्या कानावर गेलं असतं तर सोयरीक मोडली असती. माझा विलाज नव्हता."

"मी तुझं नाव घेतलं नव्हतं," शकू म्हणाली. "तू गप बसली असतीस तरी निभलं असतं." आणि घागर घेऊन ती वर निघाली.

साखरपुडा घरीच झाला. नेमकी शकूची पाळी त्याच दिवशी आली. ती गोठ्याजवळ गोणपाटावर बसली, दमट फडकं घेऊन. अंगणात दासगावची माणसं जेवत होती. अक्षदाने देवापुढे दिवा लावला, वडीलधाऱ्यांच्या पाया पडली आणि मग वैनीचं ताट घेऊन आली. दोन हात लांब थांबून, शिवाशिव होऊ न देता, तिने ते जमिनीवर ठेवलं.

शकूने तिच्या तोंडाकडे बघितलं. जूनपासून दोघींच्या तारखा एकाच वेळी येत होत्या, हे दोघींनाच माहीत होतं.

"तुझी पण आलीय ना?" शकूने हळूच विचारलं.

अक्षदाने हिरव्या साडीचा पदर सावरला. "हळू बोल गो," एवढंच म्हणाली आणि पाहुण्यांत परत गेली.

अंगणातून कोणीतरी शकूला हाक मारली, सून दिसत नाय म्हणून. अक्षदाबद्दल एक शब्द पुरला असता. शकूने ताट ओढून घेतलं, भाताचा घास केला आणि तोंडात घातला.