खंडेनवमीची परवानगी

मी संशयी आहे, हे आमच्या अंधेरीच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. तेवीस वर्षं सेक्रेटरीपद सांभाळलं की माणूस दूधवाल्याच्या हसण्याचाही अर्थ शोधायला लागतो. त्यामुळे वीज कंपनीतला प्रीतम नावाचा गोडबोल्या अधिकारी एका सहीसाठी दारात आला, तेव्हा मी त्याला पाणी दिलं आणि कागद ठेवून घेतला.

"फॉर्मॅलिटी आहे मॅडम. कंपनीच्या जागा नव्या कंपनीच्या नावावर चालल्यात. तुमच्या गेटजवळचं सबस्टेशन पण."

"ते आमच्या जागेत आहे," मी म्हटलं. तो नुसता हसला.

आमची इमारत पडायला आली आहे. बिल्डर मिळालाय, पण नव्या इमारतीचा रस्ता सबस्टेशनच्याच कोपऱ्यातून जायचाय. तो कोपरा गेला तर चोवीस घरं गळक्या छताखालीच राहणार. त्यात जमीन अजून सोसायटीच्या नावावर झालेली नाही. मूळ मालक वारला, वारस परदेशात.

कागद वाचून माझं डोकं फिरलं. त्यावर नाव 'तेजोनिधी स्थावर'. बिल येतं 'तेजोनिधी ऊर्जा'चं. मीटरवर 'साष्टी पॉवर', आणि सबस्टेशनच्या दारावरची गंजकी पाटी 'साष्टी इलेक्ट्रिक'ची.

तळमजल्यावरचे चंद्रप्रकाश सावंत त्याच कंपनीत लाइनमन होते. पेन्शन तिथलीच, म्हणून पहिला संशय त्यांच्यावर. मी सरळ जाऊन विचारलं, ही नक्की कंपनी कोणाची?

"ऐका ताई. साष्टी इलेक्ट्रिक आमच्या जुन्या शेठची. तो गेलो नि झिलांत, भावाभावांत, भांडाण झाला. थोरल्यान साष्टी पॉवर काढल्यान, मगे ती तेजोनिधीक विकल्यान. आता त्येंनी तारा एका कंपनीत घातल्यानी नि जागा दुसरीत."

"तुम्हाला बरंच ठाऊक आहे," मी म्हटलं.

सावंत उठले. आत जाऊन एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. तिच्यात कंपनीची चौदा पत्रं. दर खंडेनवमीला कामगार सबस्टेशनमध्ये हत्यारांची पूजा करत. त्याआधी कंपनी सोसायटीला लिहायची, 'आपल्या जागेत पूजेस परवानगी द्यावी.' सावंतच ती पत्रं आणून शिक्का मारून न्यायचे आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवायचे. आमची फाइल गळतीत लगदा झाली होती, त्यांची कोरडी होती. जागा आमची असल्याचं कंपनीनेच चौदा वेळा लिहून दिलं होतं. मला इतका आनंद झाला की माफी मागायची राहूनच गेली.

"आणि यानंतरच्या वर्षांची?"

"पुढे पत्रा येवक नाय," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

सोमवारी आम्ही दोघं कंपनीच्या ऑफिसात गेलो. सावंत खाली बाकावर बसले. मी वर जाऊन पत्रं प्रीतमच्या टेबलावर मांडली. त्याने ती शांतपणे वाचली आणि आपल्या फाइलमधून एक कागद काढला. आमचं लेटरहेड, आमचा शिक्का, खाली माझी सही.

'आपण घरचीच माणसं. दर वर्षी परवानगी मागत बसू नये. यापुढे पत्राची गरज नाही.'

"मालक बदलत गेले मॅडम, पण फाइल जपली सगळ्यांनी," प्रीतम म्हणाला. "या पत्राला पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून कंपनीने कुणाला विचारलेलं नाही, तुम्हीही हटकलेलं नाही. इतकी वर्षं बिनपरवानगीचा ताबा, म्हणून जागा आता आमची, असं आमचे वकील म्हणतात."

मला ते वर्ष आठवलं. सावंतांचा गुडघा नुकताच धरला होता. एका शिक्क्यासाठी ते तीन मजले कठडा धरून चढायचे, ते मला बघवलं नव्हतं. म्हणून मी ते चार शब्द लिहिले होते.

मी खाली आले तेव्हा सावंत उठून उभे राहिले.

"ता पत्र दाखवल्यानी ना?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मीच नेऊन दिलंय."

"मग परवा बोलला का नाहीत?"

"माझ्या गुडघ्यासाठी लिवलेलात तुमी," ते म्हणाले. "ता मी कोणाक कसा सांगू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिक्षा आली. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि आधी त्यांना बसू दिलं.