पाचवा निकलाव

पाचूबंदरच्या त्या ख्रिस्ती कोळी घरात एक नाव होतं आणि ते एका वेळी एकालाच मिळायचं. निकलाव. ज्याचं नाव असेल तो जिवंत असेपर्यंत ते दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, आणि तो गेला की घरात जन्मणाऱ्या पुढच्या मुलाला ते द्यायचंच, असा नेम. हा नेम कुणी घातला ते कुणालाच ठाऊक नाही. ज्याने घातला त्याने घरातल्या बायकांना विचारून घातला नसणार, एवढं मात्र नक्की.

फिलोमीनचा थोरला मुलगा हा चौथा निकलाव. शाळेच्या दाखल्यावर निकोलस, घरात निकू. १९९८च्या ऑक्टोबरात एका शनिवारी तो बापाबरोबर, व्हिन्सेंटबरोबर, बोटीवर गेला आणि दुपारी बाप एकटाच परत आला. पंचवीस वर्षांचा पोरगा, लग्नाचं बोलणं चालू होतं. व्हिन्सेंटने धक्क्यावर उतरून सांगितलं, की लाटेने निकूला बाहेर फेकलं, पण जवळच गुजरातकडची एक मोठी बोट होती, तिने त्याला उचलला असणार. धुक्यात नीट दिसलं नाही. बोटीवर बापलेक दोघंच, तेव्हा तिसऱ्या कुणाला विचारायचीही सोय नव्हती. फिलोमीन मासळीची पाटी घेऊन तिथेच उभी होती. नवऱ्याच्या सगळ्या बोलण्यातून तिने तो एकच 'असणार' उचलला आणि पदराला गाठ मारून ठेवावा तसा जपला.

मग तिने काय काय नाही केलं. गुजरातची कुठलीही बोट आसपास लागली की ही जाऊन उभी. पहिल्या वर्षी व्हिन्सेंटला घेऊन ती वेरावळला गेली, जाफराबादला गेली. भाषा येत नव्हती, पण निकूचा फोटो पुढे धरला की माणसं बघायची आणि मान हलवायची. दोन्ही गावांत फोटो व्हिन्सेंटच्याच हातात होता, कारण ती पुढे होऊन एकेका बोटीत डोकवायची. गावाने वर्षभर तिच्या होला हो म्हटलं. दुसऱ्या वर्षी लोक विषय बदलू लागले. तिसऱ्या वर्षी तिच्यासमोर निकूचं नाव काढणारं कुणी उरलं नाही आणि ती मात्र रोज रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या, शेवटी संत निकोलसला एक जादा प्रार्थना घालायची. मेलेल्यांसाठीची नव्हे, प्रवासातल्यांसाठीची.

अशात २००१च्या नोव्हेंबरात धाकट्या युजीनला मुलगा झाला.

युजीन दर्यावर जात नसे. गोखिवऱ्याला एका कारखान्यात कामाला होता. त्याची बायको रोझमेरी गास गावची, भाजीवाडी करणाऱ्या घरातली. तिच्या माहेरी पाणी म्हणजे विहिरीचं. मुलाचं वजन, नाक, डोळे यांचं कौतुक चार दिवस पुरलं आणि पाचव्या दिवशी नावाचा विषय निघाला. व्हिन्सेंट हळूच म्हणाला, घराचं नाव आहे. फिलोमीनने हातातली ताटली खाली ठेवली आणि विचारलं, घरात दोन निकलाव केव्हापासून चालायला लागले? बाळाला निकोलस म्हणायचं म्हणजे थोरला मेला असं म्हणायचं. बाप्तिस्म्याच्या पाण्यात ती एकाला नाव देऊन दुसऱ्याला बुडवायला तयार नव्हती, आणि तिने ते याच शब्दांत सांगितलं.

रोझमेरीने मध्येच सुचवलं, की तिला अल्विन हे नाव आवडतं. फिलोमीनने तत्काळ होकार दिला. सासूसुनेचं इतकं झटपट एकमत त्या घरात आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

व्हिन्सेंट मात्र गप्प बसला नाही. एरवी मितभाषी माणूस, पण या गोष्टीने त्याला पछाडलं होतं. त्याने एडवर्ड मास्तरांना बोलावून आणलं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या सांभाळायचे. त्यांना एक प्रश्न विचारला की दहा उत्तरं मिळत, त्यांतलं एखादं विचारलेल्या प्रश्नाचंही असे. चहा घेता घेता त्यांनी सुरुवात केली ती थेट ग्रीसपासून. मूळ नाव निकोलाओस, म्हणजे लोकांचा विजय. पोर्तुगीज पाद्र्यांनी ते निकोलाव करून इथे आणलं, आपल्या लोकांनी त्याचा निकलाव केला, इंग्रजी शाळेने निकोलस. तेच रशियात निकोलाय, इटलीत निकोला, जर्मन लोकांचा क्लाउस. पाच पोप या नावाचे. रशियाचे दोन बादशहा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सांगणारा कोपर्निकसही निकोलसच. आणि नाताळात पोरांना खाऊ वाटणारा तो लाल डगल्यातला म्हातारा, तोही मुळात मिरा गावचा बिशप संत निकोलस. "तुझा युजीनसुद्धा ग्रीकच बरं का फिलोमीन," मास्तर म्हणाले, आणि घरात ग्रीकांची वसाहत झाल्याबद्दल स्वतःच हसले.

फिलोमीनला पोप आणि बादशहांशी कर्तव्य नव्हतं. तिने विचारलं, संत निकोलस खलाशांचा ना? मास्तर खुलले. त्यांनी गोष्ट सांगितली, की वादळात सापडलेल्या खलाशांनी हाक मारली तेव्हा तो संत त्यांच्या बोटीवर प्रकट झाला, दोर ओढू लागला आणि त्याने बोट किनाऱ्याला आणली. ही गोष्ट तिला पाठ होती. तिला ती फक्त शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायची होती.

"मग माजा पोर हाय, मास्तर," ती म्हणाली. "त्याच्याच नावाचा पोर. त्याला तो कसा सोडंल?"

यावर मास्तरांनी गप्प राहायला हवं होतं. पण नाव किती जुनं आहे आणि ते का टिकवायला हवं हे पटवण्यासाठी ते आले होते. त्यांनी वहीतून उतरवून आणलेला कागद काढून वाचला. पहिला निकलाव, अठराशे एकोणनव्वद साली दर्यात बुडाला. दुसरा निकलाव, एकोणीसशे सत्तावीस, दर्यात बुडाला. तिसरा, म्हणजे व्हिन्सेंटचा बाप, एकाहत्तर साली घरी बिछान्यात वारला. वाचून झाल्यावर आपण काय वाचलं ते त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी कागदाची घडी केली, उरलेला चहा संपवला आणि निरोप घेतला.

दारात रोझमेरी बाळाला घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि दाराला कडी लावली.

बाप्तिस्मा रविवारी होता. त्याआधी गुरुवारी संत निकोलसचा सण आला. फिलोमीन देवळात सकाळच्या प्रार्थनेला, मिस्साला, जाऊन आली आणि दुपारी किनाऱ्यावर बोंबील वाळत घालू लागली. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. व्हिन्सेंट आला आणि न सांगता दुसऱ्या बाजूने जोड्या लावू लागला. पुरुषमाणूस या कामाला सहसा हात लावत नाही. तिला वाटलं, पुन्हा नावाचं काढणार. तिने उत्तर तयार ठेवलं.

"बोट नव्हती," तो म्हणाला.

कुठली बोट, ते तिच्या लगेच ध्यानात आलं नाही.

"गुजरातची. कुठलीच नव्हती. जाळी सोडताना त्याच्या पायान दोर अडकला. जाळ्याबरोबर तो खाली गेला. मी दोर वढत रायलू, वढत रायलू. वर आला तवा दोर रिकामा होता." त्याने पाटीतून पुढचा बोंबील उचलला. "धक्क्यावर तू पाटी घेऊन उबी होतीस. मना सांगवला नाय."

तिने हातातली जोडी दोरीवर टाकली. मग पुढची. वारा होता, बोंबील हलत होते. तिला रडू येत नव्हतं याचंच तिला नवल वाटत होतं. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती निकूची नव्हती.

"वेरावळला तू फोटो दाखवत फिरत होतास," ती म्हणाली. "तवा तुना ठाव होता?"

"होता."

"जाफराबादला?"

"होता."

त्याने तोंड फिरवलं. मग जे मागायला आला होता ते मागितलं. आता नाव मोकळं आहे, नातवाला दे, म्हणाला. तीन वर्षं मनातल्या मनात हाक मारतोय, घरात एकदा तोंडाने मारू दे. पाटी रिकामी होईपर्यंत फिलोमीन जोड्या लावत राहिली. तीन वर्षं ती एका माणसाच्या शेजारी बसून जेवली होती, त्याच्या शेजारी गुडघे टेकून प्रार्थना करत होती, आणि दोघं दोन वेगवेगळ्या मुलांसाठी प्रार्थना करत होते. तिचा जिवंत होता, त्याचा मेलेला. आता तिचाही मेला, आणि तो आज मेला. बापाचं दुःख तीन वर्षं जुनं झालं होतं, आईचं मात्र त्याच दुपारी सुरू झालं, हा हिशेब तिला काही केल्या सोसेना.

व्हिन्सेंटने युजीनलाही खरं सांगितलं. दोन दिवस घर रडलं. गाव येऊन गेलं, आणि आपल्याला हे आधीपासूनच ठाऊक होतं असं एकानेही दाखवलं नाही, तेवढी माणुसकी गावाने ठेवली. नावाचं मग कुणी विचारलंच नाही. आता काय विचारायचं? थोरला गेला, नेम आहे, बाळ निकोलस. युजीन जाऊन फादरना तसं सांगून आला. रोझमेरी नवऱ्याला एकदाच म्हणाली, की मास्तरांचा कागद तुम्ही ऐकलात ना. युजीन म्हणाला, आपला मुलगा कुठे दर्यावर जाणार आहे. त्याच्या भावाचा चेहरा त्याच्यासमोर होता, तिच्या मुलाचा तिच्यासमोर.

त्या घरात पहिल्या नातवाला आजीने हातांत धरून बाप्तिस्म्याला न्यायचं आणि फादरनी विचारलं की नाव आजीने सांगायचं, अशी रीत. रविवारी सकाळी फिलोमीन काळ्या काठाच्या लुगड्यात बाळाला घेऊन उभी राहिली. बाळ झोपलेलं होतं. शेजारी रोझमेरी पांढऱ्या साडीत ताठ उभी, ओठ मिटलेले. मागच्या बाकावर व्हिन्सेंट पुढे झुकून बसला होता.

फादरनी कागद पाहिला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "ह्या बाळाचं नाव काय ठेवलं?"

"अल्विन," फिलोमीन म्हणाली.

फादरनी पुन्हा कागद पाहिला. "निकोलस ना?"

"नाय फादर. अल्विन."

फादरनी युजीनकडे पाहिलं. युजीनने मागे वळून बापाकडे पाहिलं. तेवढ्यात रोझमेरी पुढे झाली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "अल्विन, फादर." आईनेच सांगितल्यावर प्रश्न उरला नाही. बाळाच्या कपाळावर पाणी पडलं, ते दचकून जागं झालं आणि रडू लागलं.

देवळाबाहेर व्हिन्सेंटने फिलोमीनला गाठलं. तो रागावला नव्हता. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की तिला वाकून ऐकावं लागलं. "मंग मी तुना सांगितला कशाला?"

"तो नाव दर्याला पाठ झालाय," ती म्हणाली. "आता आपल्या घरातला कुनी दर्याला त्या नावानं वळखता येऊ नये."

"एकदा हाक मारनार होतू. बाकी काय मागत नव्हतू मी."

"मना ठाव हाय तू कुनाला हाक मारनार होतास. तो येनार नाय. दुसऱ्याच्या पोरानं त्याच्या हाकंला वळून बगायचा नाय."

घरी पाहुणे जेवायला बसले. युजीनने बाळाला आणून बापाच्या मांडीवर ठेवलं, म्हाताऱ्याला बरं वाटेल म्हणून. बाळ डोळे उघडून बघत होतं. व्हिन्सेंटने त्याच्यावर वाकून हाक मारायला तोंड उघडलं, मिटलं आणि त्याला युजीनच्या हातात परत दिलं. फिलोमीनने वाढता वाढता ते पाहिलं. तिला त्याची दया आली, मनापासून आली. पण तिने आपला शब्द मागे घेतला नाही, आणि पुढच्या पानावर भात वाढला.